अकरा म्हणजे अकरा

“पाय. आधी पाय. अहो, उंबऱ्याच्या आत नका येऊ, बादलीत, बादलीत.”

हा आवाज चौथ्या मजल्यावरून येत होता आणि खाली उत्तनच्या रस्त्यावर माझ्या स्कूटरचा आरसा थरथरत होता. समोर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. ते अर्धे उन्हाने वाळतात आणि अर्धे या आवाजाने, असं माझं जुनं मत आहे. एक मांजर बोंबील तोंडात धरून निघालं होतं. त्याने तो परत जागेवर ठेवला.

मी धावत वर गेलो. जिन्यात आठ धडधाकट पुरुष ओळीने उभे, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, बूट हातात. कुठल्याशा कंपनीचे लोक, शनिवार-रविवार मजा करायला आलेले. ओळीच्या टोकाला एक प्लास्टिकची निळी बादली, आणि बादलीपाशी तांब्या घेऊन उभी असलेली पाच फुटांची एक बाई. एकेक जण बादलीत पाय ठेवत होता, बाई पाणी ओतत होती, आणि पाय बाहेर आला की पायपुसण्याकडे बोट दाखवत होती. आठांपैकी एक साहेब असावा, त्याच्या मोज्यांवरून तसं वाटत होतं. त्याचेही पाय बाईंनी दोनदा धुवायला लावले.

मग प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला आला. ते झाल्यावर बाई म्हणाल्या, “हां. आता समुद्र का सच बताती हूं. समुद्र गॅलरी में खडा होके उजवीकडे मान किया तो दिखता है. डावीकडे किया तो बिजली की डीपी दिखती है.”

“आंटी, पानी में नहा सकते हैं ना?” साहेबाने विचारलं.

“नहाने का नहीं. खडक है, चिखल है. देखने का.”

आठही जणांनी माना डोलावल्या. मी इतकी शिस्त पोलीस परेडमध्येही पाहिलेली नाही.

या आमच्या रहाटेकाकी. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. मी दुसऱ्या. त्यांच्या आयुष्यात माझं स्थान एवढंच, की माझ्याकडे स्कूटर होती आणि रविवारी मला सुट्टी असायची. सांगायचा मुद्दा असा, की मला वाढवून सांगायची खोड आहे, हे आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण काकींच्या बाबतीत वाढवायला जागाच सापडत नाही. त्या स्वतःच आधी तिथे जाऊन बसलेल्या असतात.

काकींनी तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात नोकरी केली. तिथला सूचनाफलक त्या लिहायच्या. अक्षर असं, की कुणी बापुडा सूचना न पाळता पुढे गेला तर त्यालाच लाज वाटावी. काका गोदीत होते. बिचारे जन्मभर समुद्राच्या काठावर उभे राहिले, पण पाठ समुद्राकडे आणि तोंड पेट्यांकडे. “रिटायर झाल्यावर खुर्ची टाकून नुसता समुद्र बघणार,” असं म्हणायचे. रिटायर झाल्यावर सहा महिन्यांत गेले. खुर्ची विकत आणलेली होती, ती तशीच कागदात गुंडाळलेली राहिली.

मग काकींनी एक दिवस आम्हाला पेढे दिले. आम्ही विचारलं, कशाचे? “उत्तनला फ्लॅट घेतला,” काकी म्हणाल्या. “वन आरके. खुर्ची ठेवायला.”

आमच्या बिल्डिंगला धक्का बसला म्हणजे अक्षरशः बसला. आमच्याकडची माणसं पैसा आला की गावचं घर सारवतात, नाहीतर विरारच्या पुढे जागा घेतात. एकट्या विधवा बाईने समुद्रावर फ्लॅट घ्यायचा, आणि तो परक्या लोकांना एका-एका रात्रीसाठी द्यायचा, हे ऐकून सेक्रेटरींनी पेढा हातातून परत डब्यात ठेवला. “काकी, कसली माणसं येतील कल्पना आहे का?” ते म्हणाले.

“पाय धुवून येतील,” काकी म्हणाल्या.

तर या बाईचा दुर्गुण एकच. ती खोटं बोलत नसे. म्हणजे तुम्ही-आम्ही बोलत नाही असं म्हणतो तसं नव्हे. हा एक आजार होता. फोटो काढायला एक पोरगेला फोटोग्राफर आला, तो गॅलरीच्या कठड्यावरून अर्धा बाहेर लोंबकळला आणि समुद्र असा काही पकडला की वाटावं, लाटा थेट मोरीत येतायत. काकींनी तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, “डीपी कुठाय?” त्याला पुन्हा लोंबकळायला लावून डीपीसकट फोटो काढून घेतला. बुकिंगच्या ॲपवर माहिती लिहायची होती, ती मी लिहिणार होतो. ‘निसर्गरम्य’ एवढं लिहिलं तोच काकींनी मोबाईल ओढून घेतला. मग त्यांनी सांगितली आणि मी टाइप केली ती माहिती अशी: “इथे बोंबील वाळत घालतात. वास येतो. सकाळी जास्त येतो. ज्यांना चालत नाही त्यांनी येऊ नये. राग नाही.”

मी म्हटलं, काकी, काळं कुत्रं येणार नाही.

पहिल्याच महिन्यात सगळे शनिवार भरले. लोकांना वाटलं, वासाचंसुद्धा खरं सांगणारी बाई चादरी नक्की धूत असणार. आणि ती धूत होती. समोर बोंबील वाळवणारी रेमीबाय, उत्तनचीच कोळीण, ती आधी काकींवर चिडली होती, पण ॲपवर आपल्या बोंबलांची जाहिरात आहे हे कळल्यावर पाहुण्यांना खाली उभं राहून सांगायची, “बोंबील हाय म्हनून समुंदर हाय. न्हायतर निस्तं पानी.”

एकदा कुणीतरी ॲपवर तक्रार लिहिली: ‘मालकीणबाई दोन दिवसांत तीन वेळा आत आल्या.’ मी हादरलो. म्हटलं, काकी, याला गोड काहीतरी उत्तर द्यायला हवं, नाहीतर नाव खराब होईल. काकींनी चष्मा लावला, तक्रार वाचली, बोटांवर मोजलं, आणि खाली जगजाहीर उत्तर लिहायला लावलं: “चार वेळा आले. चौथ्यांदा तुम्ही झोपला होतात.”

आणि पाट्या. पाट्यांवर तर मी एक वेगळा ग्रंथ लिहू शकेन. तीस वर्षं फलक लिहिलेला हात, त्याला रिकामी भिंत दिसली की खाज सुटायची. त्या एवढ्याशा वन आरकेमध्ये सतरा पाट्या होत्या. पुठ्ठ्यावर, निळ्या स्केचपेनने, वर मराठी, खाली हिंदी. सोफ्याच्या वर: ‘ओले बसू नये. ओले म्हणजे दमटसुद्धा.’ गॅलरीत: ‘कठड्यावर बसू नये. समुद्र आतूनही तेवढाच दिसतो.’ पंख्याच्या बटणापाशी: ‘पंखा दोनवर ठेवावा. तीनवर आवाज करतो. चारवर भीती वाटते.’ खिडकीत: ‘इथे सकाळी कावळा येतो. त्याला काहीतरी द्यावे. तो रोजचा आहे.’ काकांच्या त्या खुर्चीवर: ‘बसावे.’ एवढंच. मोरीत, फ्रीजवर, चपलांच्या स्टँडवर, संडासाच्या दाराला आतून, गादीच्या खालीसुद्धा एक होती. गादीखाली कोण वाचणार, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “गादी उचलणारा.”

आणि मुक्काम संपायची वेळ. ती सकाळी अकरा. या विषयावर देवाचीही गय नव्हती. अकराला पाच मिनिटं असताना काकी दारात येऊन उभ्या राहायच्या, हातात घावनांचा डबा. पाहुण्याला उपाशी पाठवायचं नाही हा एक नियम आणि अकरानंतर राहू द्यायचं नाही हा दुसरा. तेव्हा पाहुणा दारातच उभा राहून घावन खायचा आणि खाता खाता बाहेर ढकलला जायचा. एकदा एक जण म्हणाला, “आंटी, दस मिनट.” काकी म्हणाल्या, “अकरा म्हणजे अकरा.” त्याला मराठी येत नव्हतं. तरी त्याला कळलं.

आता तांबे कुटुंबाची गोष्ट.

मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडे एक जुनी बिल्डिंग आहे, तिला आतून लोखंडी टेकू लावलेत. तिथे तांबे राहायचे. साधा माणूस, कारखान्यात स्टोअरकीपर. त्यांची मुलगी रुचा, एका दवाखान्यात रिपोर्ट टाइप करायची. दोन स्थळं येऊन गेली. दोन्ही वेळी पाहुणे हॉलमध्ये बसले, हॉलच्या मधोमध टेकू, आणि पाहुण्यांची नजर सारखी छताकडे. पोहे खाल्ले तेही वर बघत. दोन्हीकडून नकार. तांबे म्हणायचे, “त्यांनी माझं छत बघितलं हो. पोरीकडे कुणी बघितलंच नाही.”

मग तिसरं स्थळ आलं, बदलापूरचे साळवी. मध्यस्थाने कुठल्याशा लग्नात तांब्यांना विचारलं, घर कसं आहे? आणि तांबे बोलून गेले, “समुद्रावर फ्लॅट आहे आमचा.” का बोलले, त्यांनाच माहीत. आपल्याकडची माणसं अशीच बुडतात. पोहता येत नसताना, पाणी कमरेएवढं असताना. साळवींकडून निरोप आला: मग मुलगी तिथेच दाखवा, आम्हालाही समुद्र बघायला मिळेल.

तांब्यांनी ॲप उघडलं आणि काकींचा फ्लॅट घेतला. शनिवार दुपार ते रविवार अकरा. त्या शनिवारी काकींना यायला जमलं नव्हतं, किल्ली रेमीबायने दिली. साळवींना बोलावलं रविवारी सकाळी साडेनऊला. शनिवारी संध्याकाळी सगळ्या कुटुंबाने मिळून दिसल्या तेवढ्या पाट्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि कॅलेंडरच्या खिळ्याला तांब्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो लावला, की बघणाऱ्याला वाटावं, तीन पिढ्या इथेच नांदतायत.

यातलं आम्हाला काहीही माहीत नव्हतं. रविवारी दहाच्या सुमाराला मी काकींना घेऊन निघालो. घावनांचा डबा काकींच्या मांडीवर. पुढच्या पाहुण्यांची वेळ बाराची, त्याआधी चादरी बदलायच्या, म्हणून काकी लवकर निघालेल्या. राई गाव ओलांडलं, डोंगरी आली, उत्तन आलं. काकी वर गेल्या, मी मागोमाग. बेल वाजवायची काकींना सवय नव्हती. स्वतःची किल्ली लावली आणि दार उघडून थेट आत.

आत सात माणसं. मधे पाटावर पोह्यांच्या बशा. एक तरुण मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून काकांच्या खुर्चीत. साडी नेसलेली एक मुलगी हातात चहाचा ट्रे घेऊन हॉलच्या मधोमध उभी. आणि तांबे, ज्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. बोंबील पाण्यातून बाहेर काढल्यावर जसा दिसतो, तसा.

काकी भिंतीकडे बघत होत्या. पाट्या गायब. नुसत्या चिकटपट्टीच्या खुणा. मग त्यांनी खिळ्यावरचा फोटो पाहिला. मी मनात म्हटलं, संपलं. ही बाई आता खरं बोलणार. ही बाई म्हणजे आपल्या वाढलेल्या चौरस फुटांचा टॅक्स कमी लावलाय म्हणून पालिकेत जाऊन भांडलेली बाई.

सोफ्यावर एक उंच, शांत बाई बसल्या होत्या. त्या मुलाच्या आई, साळवीबाई. त्यांनी काकींकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, आणि तांब्यांना विचारलं, “या कोण?”

तांबे पोह्यांची बशी उगाच सरळ करत बसले.

काकींची नजर खोलीभर फिरली. खिडकीच्या कट्ट्यावर बशीत भाकरीचा तुकडा होता, बाजूला कावळा. मग नजर वर गेली, पंख्याकडे. मग त्या ट्रे धरून उभ्या असलेल्या मुलीकडे.

“मी मुलीची आत्या,” काकी म्हणाल्या.

मी दाराची चौकट धरली. धरली नसती तर जिन्यावरून थेट समुद्रात गेलो असतो.

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण साळवीबाईंनी फोटोकडे बोट केलं. “हे?”

आता आत्या म्हटल्यावर तांब्यांचे वडील ते आत्याचे वडील. काकींनी डबा टेबलावर ठेवला, पदर सारखा केला, आणि त्या परक्या म्हाताऱ्याला हात जोडले. “वडील,” म्हणाल्या. एका शब्दात बाईने बाप बदलला. माझ्या पायाखालची फरशी हलली, ती अजून नीट बसलेली नाही.

“आणि हे?” साळवीबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं.

माझ्या बाबतीत मात्र खोटं बोलायची काकींना गरज वाटली नाही. “हा शेजारी. याच्याकडे स्कूटर आहे.”

मग काकींनी डबा उघडला, घावनं वाढली, साळवींच्या मुलाला विचारलं, “वास चालतो ना तुम्हाला बोंबलाचा?” तो म्हणाला, “चालतो, सवय होईल.” त्यावर रुचा पहिल्यांदा हसली. त्या दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. गॅलरीतून रुचाचा आवाज येत होता, “उजवीकडे बघा. नाही, डावीकडे डीपी आहे.” म्हणजे पोरीने ॲपवरची माहितीही वाचली होती. सगळं जमून येत होतं. साळवीबाई हात धुवायला आत गेल्या. बाहेर आल्या त्या घड्याळाकडे बघतच. चहाचा कप अर्धा भरलेला होता, तो तसाच ठेवला.

“चला,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उठा.”

“अहो, आत्ता कुठे,” तांबे म्हणाले.

“नाही, निघतो.” मुलाला गॅलरीतून हाक मारली. पाच मिनिटांत सगळे चपला घालून जिन्यात. जाताना साळवीबाईंनी पोह्यांच्या बशा उचलून ओट्याशी ठेवल्या, हे मला विचित्र वाटलं होतं, पण तेव्हा कोण विचार करतोय. गाडीचा आवाज आला आणि गेला.

तांबे मटकन सोफ्यावर बसले. “बघितलंत? तिसरंही गेलं.” रुचा ट्रे घेऊन तशीच उभी. मग तांब्यांनी टेकूपासून सगळं सांगून टाकलं. काकींनी घड्याळ पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “तांबे, अकरा वाजले.” पण मुलीच्या हातातून ट्रे मात्र त्यांनीच घेतला. ड्रॉवरमधल्या पाट्या रुचाने एकेक करून पुन्हा लावून दिल्या, प्रत्येक आपापल्या जागी, कुठली कुठे होती ते न विचारता.

परतीच्या वाटेवर राईपाशी मी स्कूटर थांबवली. पुढे चालवणंच अशक्य झालं होतं. म्हटलं, काकी, तुम्ही? तुम्ही खोटं बोललात?

“पंखा दोनवर होता,” काकी म्हणाल्या. “कावळ्याला भाकरी होती. पाट्या काढल्या तरी पोरीने पाळल्या. अशा पोरीचं छत काय बघायचं?”

आणि तीन दिवसांनी होकार आला. तांब्यांना धक्का, मला धक्का, मध्यस्थाला तर असा धक्का की तो आठवडाभर कुणाचं लग्न जुळवेना.

पण खरी शिक्षा काकींना पुढे झाली. होकार आला म्हणजे आत्यापण कायमचं झालं. तांब्यांनी हात जोडून सांगितलं, “ताई, आता मागे फिरू नका. साळवींना कळलं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल, खोटारड्या घरची म्हणून.” त्यांनी रुचालाही शपथ घातली. झालं. साखरपुड्याला आत्या, हळदीला आत्या, लग्नात आत्या. साळवींकडून आत्याच्या मानाची साडी आली, मोरपंखी रंगाची, जरीची. काकींनी ती घरी आणली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली, आणि एकदाही उलगडली नाही.

“नेसा की, काकी,” माझी बायको म्हणाली.

“ही आत्याची आहे,” काकी म्हणाल्या. “आत्या आली की नेसेल.”

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी एक खेळ चालायचा. उत्तनला जाताना राई आली की काकी मागून माझ्या खांद्यावर थाप मारायच्या. “थांब.” मी थांबायचो. काकी मोबाईल काढायच्या, साळवीबाईंचा नंबर काढायच्या, अंगठा वर धरायच्या. “सांगून टाकते.” समोर खाडीचं पाणी, बगळे. मग काकी रुचाचं नाव घ्यायच्या, नाहीतर तांब्यांना शिवी द्यायच्या, मोबाईल ठेवायच्या. “चल.” राईचे बगळे आम्हाला ओळखू लागले होते. आम्ही थांबलो की तेही मान वळवून बघायचे, आज सांगते की काय. त्या दिवसांत काकींनी एकही नवी पाटी लिहिली नाही. एकदा लिहायला घेतली, ‘खरे’ एवढा शब्द झाला, आणि पुठ्ठा फाडला.

आता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. काकी आता गावी असतात, राजापूरकडे, भावाच्या घरी. गुडघे गेले, जिने झेपेनात. उत्तनचा फ्लॅट आता रुचा बघते. निळी बादली तीच आहे. पाट्या अठरा झाल्यात. पण मी काकींना त्या फ्लॅटमध्ये शेवटचं पाहिलं ते गावी जायच्या आधीच्या महिन्यात, आणि मला सांगायचंय ते तेवढंच.

रुचाला दिवस गेले. साळवीबाईंचा काकींना फोन आला, आणि त्या म्हणाल्या, “डोहाळजेवण आत्यांच्या फ्लॅटवर करू. तिला समुद्राची हवा हवीय.” आत्यांच्या फ्लॅटवर. हे शब्द माझ्यासमोर स्पीकरवरून आले आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. तांब्यांचा लगेच काकींना फोन, “ताई, पाट्या काढून ठेवा.”

“नाही काढणार,” काकी म्हणाल्या. “एकदा काढल्यात, दोन वर्षं झोप नाही.”

त्या दिवशी काकी आल्या तेव्हा एका हातात ओटीचं सामान आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत ती मोरपंखी साडी, घडी तशीच. मला जिन्यातच म्हणाल्या, “आज सांगते. पोरीला जे काय ऐकावं लागेल ते आज माझ्यासमोर ऐकू दे.” मी म्हटलं, काकी, निदान जेवण झाल्यावर.

“जेवणाच्या आधी,” काकी म्हणाल्या. “खोट्याच्या पंगतीला नाही बसायचं.”

बाहेर रुचाला फुलांनी सजवून काकांच्या खुर्चीत बसवलं होतं, बायका गाणी म्हणत होत्या. स्वयंपाकाच्या ओट्याशी साळवीबाई एकट्याच नारळ खवत बसलेल्या, खाली, विळीवर. मी दारात शहाळी घेऊन उभा. काकी आत गेल्या आणि उभ्याउभ्याच सुरू झाल्या, शाळेत सूचना वाचून दाखवतात तशा.

“साळवीबाई, मी रुचाची आत्या नव्हे. तांबे माझे कुणी नव्हेत, त्या दिवसाआधी मी त्यांना पाहिलंही नव्हतं. फोटोतले ते माझे वडील नव्हेत. हा फ्लॅट माझा, पाहुण्यांना देते, त्यांनी तो एका दिवसासाठी घेतला होता. खोटं मी बोलले, मुलगी नाही. ही तुमची साडी. काय बोलायचं ते मला बोला.”

बाहेरचं गाणं चालूच होतं. माझ्या हातातल्या शहाळ्यातलं पाणी उकळायला लागलं होतं, शपथेवर सांगतो.

साळवीबाईंनी नारळाची कवड फिरवली. “ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“सगळं. त्याच दिवसापासून. हात धुवायला आत गेले होते. संडासाच्या दाराला आतून तुमची पाटी होती. ती काढायची राहिली होती यांची. खाली नाव होतं, सुमन रहाटे, मालकीण.” त्यांनी खोबरं ताटात झटकलं. “साडी मालकिणीच्या नावानेच घेतली होती मी. नेसला नाहीत ते बघितलं मी लग्नात.”

काकी तिथेच जमिनीवर बसल्या. गुडघे दुखायचे म्हणून वर्षभर त्या खाली बसल्या नव्हत्या. मांडीवर साडी, तिच्यावर दोन्ही हात. दोन वर्षं राईला थांबलेली ती बाई मला एकदम लहान दिसायला लागली, आणि तरुणही. त्यांनी साडीचा काठ सारखा केला. मग त्यांनी मान वर केली.

“पण मग तेव्हा तडकाफडकी उठून का गेलात हो? अर्धा चहा टाकून? आम्ही सगळे मेलो होतो इथे.”

साळवीबाईंनी विळीवर दुसरी कवड घेतली.

“पाटीवर अकरा लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “पावणेअकरा झाले होते.”